जुनी डिंगी विकत घेण्यापूर्वी



बाजारात बैल घ्यायला गेलेला शेतकरी काय काय पाहतो, ते तुम्हांला मी सांगायला नको. शिंगांचा रंग आणि गळ्यातली घुंगरमाळ पाहून तो पैसे मोजत नाही. तो दात पाहतो, खूर उचलून पाहतो, खांद्यावरून हात फिरवतो, चार पावले चालवतो आणि शेवटी गाडीला जुंपून पाहतो. आपल्या घरातली बाईमाणसे साधे मडके घेतात, तेसुद्धा बोटाने वाजवून घेतात. पण हाच चोखंदळ माणूस जुनी होडी घ्यायला गेला, की ताजा रंग आणि पांढरेशुभ्र शीड पाहून भुलतो. मीही एकदा असा भुललो होतो. ती हकीकत पुढे ओघात येईलच. त्या चुकीतून जे शिकलो, ते आज तुम्हांला सांगणार आहे.

आजचा विषय आहे शिडाची जुनी डिंगी. डिंगी हा शब्द इंग्रजी वाटतो खरा, पण तो मुळात आपल्याच देशातला. हिंदी-बंगालीत लहान होडीला डिंगी म्हणत. तो शब्द इंग्रज खलाशांनी उचलला आणि पुढे जगभर नेला. आज डिंगी म्हटले, की एक ते तीन माणसांना पुरेल अशी, दोन ते साडेचार मीटर लांबीची, हलकी, शिडाची होडी डोळ्यांसमोर येते. तिला जड तळ नसतो. तळाच्या मधोमध एक चीर असते आणि त्या चिरेतून एक फळी पाण्यात खाली सोडतात. जमिनीत रुतलेला फाळ जसा नांगराला आडवा सरकू देत नाही, तशी ही मधली फळी डिंगीला वाऱ्याबरोबर आडवी घसरू देत नाही. म्हणून ती वाऱ्याच्या तोंडाकडे तिरकी तिरकी चढू शकते.

हिच्या जाती पुष्कळ आहेत. लहान मुलांची ऑप्टिमिस्ट ही चौकोनी नाकाची होडी अमेरिकेत फ्लोरिडा प्रांतात क्लार्क मिल्स यांनी १९४७ साली आखली. तिची लांबी जेमतेम २.३ मीटर. इंग्लंडच्या जॅक होल्ट यांनी १९५६ साली एंटरप्राइज आखली. ती ४ मीटरची, दोघांची, प्लायवूडची. १९७० च्या सुमारास कॅनडातल्या ब्रूस कर्बी यांनी एकट्यादुकट्यासाठी लेझर ही फायबरची होडी आखली. आपल्याकडच्या फारोख तारापोर आणि झरीर करंजिया या जोडीने १९८२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, ते फायरबॉल जातीच्या डिंगीत. अशा होड्या मुंबईसारख्या ठिकाणच्या नौकानयन मंडळांत आणि हौशी लोकांकडे असतात. त्यांनी नवी घेतली, की जुनी विकायला निघते. मग खाडीकाठच्या गावातला एखादा तरुण किंवा धरणाच्या फुगवट्यालगतच्या शाळेतले एखादे गुरुजी ती घ्यायला निघतात. तेल लागत नाही, यंत्र लागत नाही, आणि मुलांना वारा, पाणी, गाठी आणि धीर या चारही गोष्टी एकदम शिकवता येतात. विचार फार चांगला आहे. फक्त घेताना डोळे उघडे हवेत.

आता पहिली गोष्ट ध्यानात धरा. जुन्या होडीत दोष असणारच. दोष नसलेली जुनी होडी शोधायला निघाल, तर आयुष्य सरेल. तेव्हा ‘दोष आहे का?’ असे विचारू नका. ‘हा भाग भर पाण्यात दगा देऊन गेला, तर आपण काठाला परत येऊ का?’ असे विचारा. या एका प्रश्नाने सगळ्या दोषांचे तीन ढीग पडतात. पहिला ढीग घरच्या घरी सुटणाऱ्या दोषांचा : रंग उडालेला, दोरी जीर्ण झालेली, कप्पी अडकलेली. दुसरा ढीग पैसे खर्चून सुटणाऱ्यांचा : शीड विरलेले, तार गंजलेली, सुकाणूची फळी फुटलेली. आणि तिसरा ढीग म्हणजे जिथून हात जोडून परत फिरायचे. कणा कुजलेला, अंगाला पीळ पडलेला, हवेच्या पेट्यांत पाणी शिरलेले. हे तीन ढीग मनात ठेवून पाहायला जा.

जाताना सोबत काय न्यावे? एक टॉर्च, एक बोथट टोच्या किंवा खिशातला चाकू, दहा-बारा मीटर न ताणणारी सुतळी, खडू, मऊ सुती फडके, एक बादली, थोडे साबणाचे पाणी, आणि शक्य असेल तर होडी बांधणारा एखादा जाणता सुतार. सुताराला दिवसाची मजुरी द्यावी लागली तरी ती वाया जात नाही. आणि जावे भर दिवसा. दिवेलागणीला दाखवलेली होडी आणि दिव्याच्या उजेडात दाखवलेले कापड, दोन्ही सारखीच.

नारळी पौर्णिमेच्या सुमाराला किनाऱ्यावरच्या सगळ्या होड्या रंगरंगोटी करून नवरीसारख्या नटलेल्या असतात. होडीवर प्रेम करणारा माणूस तिला रंग देणारच, त्यात वावगे काही नाही. पण विकत घेणाऱ्याने ताजा रंग दिसला, की जरा जास्त थांबून पाहावे. पावसाळा सरता सरता, अजून रंग चढायचा असताना होडी पाहायला मिळाली तर उत्तम. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. इतका पाऊस खाल्ल्यावर पाणी कुठे साचते, ते होडी स्वतःच सांगते.

आता तपासणीला लागू. पहिल्यांदा होडीला हात लावू नका. दहा पावले मागे सरा, खाली बसा आणि मागून पुढे नजर टाका. दोन्ही काठ सारखे वळले आहेत का? मग सुतळी घ्या. होडीच्या पुढच्या टोकापासून मागच्या पाटीच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत माप घ्या, तसेच डाव्या कोपऱ्यापर्यंत घ्या. दोन्ही मापे जुळली पाहिजेत. बोटभर फरक समजू शकतो, चार बोटांचा नाही. त्यानंतर दोन सरळ काठ्या घ्या. एक पुढे आणि एक मागे, अशा दोन्ही काठांवर आडव्या ठेवा आणि मागून पाहा. पुढची काठी मागच्या काठीशी समांतर दिसली, तर अंग सरळ आहे. एक टोक वर आणि एक खाली दिसले, तर होडीला पीळ पडला आहे. पीळ पडलेली होडी कधीच नीट चालत नाही आणि तो पीळ रंधा मारून जात नाही. शिक्षकबंधूंनो, भूमितीचा हा पाठ मुलांना घेऊन करण्यासारखा आहे.

आता होडी पालथी करा. होडी लाकडाची असेल तर बोटाच्या पेराने किंवा चाकूच्या मुठीने ठिकठिकाणी वाजवा. निरोगी लाकूड टणटणीत बोलते, कुजलेले बद्द आवाज करते. मडक्याला लावतो तोच कान इथे लावायचा. जिथे आवाज बदलेल तिथे खडूने खूण करा. मग मालकाची परवानगी घेऊन त्या खुणांवर टोच्या टेका. जोर न लावता आत गेला, तर लाकूड गेले म्हणून समजा.

कूज कुठे शोधावी? पुष्कळांना वाटते, की खारे पाणी होडी कुजवते. खरे तर मिठाने बुरशीला थोडा आळाच बसतो. होडी कुजते ती पावसाच्या गोड्या पाण्याने, तेही वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात साचलेल्या पाण्याने. म्हणून डोलकाठीच्या बुडाची जागा पाहा. मागच्या पाटीचा आणि तळाचा सांधा पाहा. तळातल्या फासळ्यांच्या मागे, बैठकीखाली आणि काठाच्या आतल्या बाजूला पाहा. रंगाला फुगवटा आला असेल तिथे अंगठ्याने दाबा. खिळ्यांभोवती तांबूस ओघळ असतील, तर लोखंडी खिळे गंजून लाकूडही खात आहेत असे धरा. खाडीच्या पाण्यात कायम उभी राहणारी होडी असेल, तर तळाला सुईच्या टोकाएवढी भोके आहेत का तेही पाहा. लाकूड पोखरणारा समुद्रातला किडा बाहेर बारीकसे भोक ठेवतो आणि आत बोटाएवढे बोगदे करतो. अशी फळी वरून धडधाकट दिसते आणि हातात घेतली तर हलकी लागते.

फळ्यांची होडी आणि प्लायवूडची होडी यांत एक फरक लक्षात ठेवा. फळ्यांची होडी महिनोन्‌महिने उन्हात पडली, तर फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. पाण्यात टाकल्यावर ती पहिल्या दिवशी गळते, पण एक-दोन दिवसांत फळ्या फुगून सांधे मिटतात. त्या पहिल्या गळतीने घाबरू नये. प्लायवूडचे तसे नाही. ते फुगून सांधा मिटवत नाही. प्लायवूडची डिंगी गळली, की तो दोषच. प्लायवूडच्या कडा विशेष पाहा. पाणी शिरते ते कडेनेच, आणि मग थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटत जातात. मध्येच एखादे ठिगळ दिसले तर ते कोणत्या प्लायवूडचे, ते विचारा. आपल्या देशातल्या आय. एस. ७१० या मानकाप्रमाणे सागरी प्लायवूडचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्याच्या परीक्षेतून उतरावा लागतो. कपाटाच्या कामाचे साधे प्लायवूड त्या कसोटीला उतरण्यासाठी केलेलेच नसते. असे ठिगळ दोन पावसाळ्यांत सुटले, तर नवल नाही.

होडी फायबरची असेल तर कूज नाही, पण दुखणी वेगळी. उघड्या पायांनी तिच्या पाठीवर हळूहळू चाला. पायाखाली जमीन दबल्यासारखी वाटली, तर आतला थर सुटला आहे किंवा भिजला आहे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा एका ठिकाणाहून फाकलेल्या दिसल्या, तर तिथे कधीतरी मार बसला आहे. आतून टॉर्च लावून त्याच जागी पाहा. चिरा फक्त वरच्या लुकलुकीत थरात असतील तर पहिला ढीग, आतही दिसल्या तर दुसरा. लेझरच्या बाबतीत एक सोपी परीक्षा आहे. डोलकाठी ज्या खोबणीत उभी करतात, त्या खोबणीत काठोकाठ पाणी ओता आणि थोडा वेळ थांबा. पातळी खाली उतरली, तर ती खोबण फुटली आहे आणि होडीच्या पोटात पाणी जाते आहे. अशी होडी दुरुस्तीशिवाय पाण्यात नेऊ नये.

फायबरच्या होडीचे वजनही करून पाहावे. एक टोक लाकडी ठोकळ्यावर टेकवा, दुसरे टोक लोंबत्या काट्याला अडकवून उचला आणि वजन लिहून ठेवा. मग टोके बदलून पुन्हा करा. दोन्ही आकड्यांची बेरीज म्हणजे होडीचे वजन. ऑप्टिमिस्टचे नुसते अंग ३५ किलोचे असते, लेझरचे सुमारे ५९ किलोचे. काट्याने लेझरचे वजन ७५ दाखवले, तर वरचे १६ किलो कुठून आले? बहुधा ते आतल्या फेसाने पिऊन ठेवलेले पाणी असते, नाहीतर कुणी केलेली जाडजूड डागडुजी.

श्रोतेहो, आता मी माझ्या फजितीकडे येतो, कारण ती या पुढच्या भागाशी बांधलेली आहे. मी तेव्हा खाडीकाठच्या एका गावी शिक्षक होतो. मुलांना शिडाची होडी शिकवावी असे मनात आले. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि आम्ही चार मीटरची प्लायवूडची जुनी डिंगी आणली. निळा रंग आरशासारखा चमकत होता. मी शीड फडकवून पाहिले, सुकाणू इकडेतिकडे हलवले आणि पैसे दिले. सगळे मिळून अर्धा तास लागला नाही. तिसऱ्या दिवशी सातवीतली दोन मुले घेऊन निघालो. दुपारचा खारा वारा सुटला आणि एका झटक्याला होडी कलंडली. कलंडणे यात नवे काही नाही, डिंगी कलंडतेच. तिला पुन्हा सरळ करून पुढे जायचे असते. पण आमची होडी सरळ झाली तेव्हा डावा काठ पाण्याखालीच राहिला. मी बादलीने उपसत होतो आणि होडी आणखी आणखी डावीकडे झुकत होती. मुलांच्या अंगावर तरंगती जॅकेटे होती, म्हणून आज हे बोलायला मी उभा आहे. जवळ जाळे लावून बसलेला एक म्हातारा तांडेल वल्ही मारीत आला आणि त्याने आम्हांला उचलून घेतले.

किनाऱ्यावर होडी पालथी केली, तेव्हा कारण सापडले. डाव्या हवेच्या पेटीचे बूच कधीच हरवले होते. त्या भोकात कापडाचा बोळा कोंबला होता, वरून लांबी भरली होती आणि त्यावर तो सुंदर निळा रंग. तांडेलाने ती जागा अंगठ्याने दाबली, बोळा आत गेला. तो एवढेच म्हणाला, “गुरुजी, रंग काय पानी अडवत नाय.” विकणाऱ्याला मी दोष देत नाही. कदाचित तो बोळा त्याच्या आधीच्या मालकाचा असेल. पण मला तो दाबून पाहता आला असता, आणि मी पाहिला नव्हता. त्या संध्याकाळी दोन घरी जाऊन आईबापांसमोर बसावे लागले. त्यांनी रागाचा शब्द काढला नाही, पण तो प्रसंग मी विसरलेलो नाही.

म्हणून सांगतो, डिंगीत सगळ्यांत मोलाचा भाग डोलकाठी नव्हे आणि शीडही नव्हे. मोलाचा भाग म्हणजे तिच्यातली कोंडलेली हवा. काही होड्यांत दोन्ही बाजूंना बंद पेट्या असतात, तर काहींत हवा भरलेल्या पिशव्या बांधतात. ऑप्टिमिस्टला अशा तीन पिशव्या असतात. हिशेब सोपा आहे. पेटी १ मीटर लांब, ४० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच असेल, तर तिचे आकारमान १२० लिटर. ती पाण्याखाली गेली, की १२० लिटर पाणी बाजूला सारते, म्हणजे सुमारे १२० किलोचा भार उचलते. तीत पाणी शिरले, की हा आधार तेवढ्याच मापाने कमी होतो.

पेटीची परीक्षा अशी करा. सगळी बुचे काढा आणि आत टॉर्च लावा. वास घ्या, कोंदट कुबट वास आला तर आत ओल आहे. होडी हलवून पाण्याचा डुचमळण्याचा आवाज येतो का ते ऐका. मग बुचे लावा, एक भोक मोकळे ठेवा, त्यात नळी बसवून तोंडाने हवा फुंका आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावा. सायकलचे पंक्चर काढताना जसे बुडबुडे दिसतात तसे इथेही दिसतील. फक्त गाडीच्या टायरचा यांत्रिक पंप लावू नका, त्या दाबाने चांगली पेटीही फुटते. पिशव्या असतील तर त्या सकाळी फुगवून ठेवा आणि संध्याकाळी दाबून पाहा. त्या बांधणाऱ्या पट्ट्याही जोराने ओढा. पट्टा तुटला तर पिशवी एकटीच वर तरंगून जाते आणि होडी खाली राहते.

पुढे मधली फळी. तिची पेटी तळाला जिथे जोडलेली असते, तो सांधा प्लायवूडच्या होडीतला सर्वांत दुबळा. फळी खाली सोडून तिचे टोक हाताने डावी-उजवीकडे हलवा. पेटी हलली किंवा सांध्याशी चीर उघडली, तर तिथून पाणी येणार. सुकाणूची बिजागरे खेळती हवीत, पण ढिली नकोत. ती ज्या पाटीला लावली आहेत, त्या पाटीचे लाकूडही दाबून पाहा. स्क्रू नवे आणि लाकूड जुने, असे असले तर स्क्रू कशाला धरणार?

आता डोलकाठी. ती अ‍ॅल्युमिनियमची असेल, तर जिथे पोलादी पट्ट्या आणि रिबिटा बसवल्या आहेत तिथे पांढरी भुकटी दिसते का ते पाहा. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले, की त्यांतले अ‍ॅल्युमिनियम झिजत जाते. काठी आडवी ठेवून टोकाकडून पाहा, बाक आहे का ते कळेल. ती उभी धरणाऱ्या तारांवरून सुती फडके अलगद फिरवा. उघडा हात मात्र फिरवू नका. तारेचा एखादा धागा तुटला असेल, तर फडके त्यात अडकते. एक धागा तुटला तरी ती तार बदलायची. तार पैशाने मिळते, म्हणून हा दुसरा ढीग. पण तार तशीच ठेवून पाण्यात गेलात, तर तो तिसरा होतो.

शीड मोकळ्या अंगणात पसरा. हल्लीची शिडे पॉलिएस्टरची असतात. नवे कापड हातात करकरते, जुने धुवट धोतरासारखे मऊ पडते. उन्हाने कापडाआधी शिवण जाते. म्हणून शिवणीवर नख घासा, धागा सुटून आला तर सगळे शीड पुन्हा शिवून घ्यावे लागेल. कोपऱ्यांच्या कड्या आणि काठीला घासणारी जागा नीट पाहा. मऊ पडलेल्या शिडावर शिकता येते, शर्यत मारता येत नाही. तुमचा हेतू शिकवण्याचा असेल, तर जुन्या शिडासाठी सौदा मोडू नका.

यानंतर होडी पाण्यात घाला. आतला भाग कोरडा पुसा, कुणी बसू नका आणि तासभर तिच्याकडे पाहत राहा. पाणी आले तर कुठून आले ते खडूने नोंदवा. मग शेवटची आणि खरी परीक्षा. शीड उतरवा, अंगात तरंगती जॅकेटे घाला, जवळ वल्ह्याची दुसरी होडी उभी ठेवा, आणि छातीभर पाण्यात, खडक नसलेल्या जागी डिंगी मुद्दाम कलती करून आडवी पाडा. काठीचे टोक चिखलात रुतू नये म्हणून एकाने ते धरावे. पंधरा मिनिटे तशीच राहू द्या. मग तिला सरळ करा. पाण्याने भरलेली असतानाही ती दोन्ही बाजूंना सारखी तरंगली पाहिजे आणि तिच्यातले पाणी बादलीने उपसता आले पाहिजे. काठावर आणून पेट्यांची बुचे काढा. पेलाभर पाणी निघाले तर सांधा बुजवता येईल. बादलीभर निघाले तर विचार करा. आणि मालक म्हणाला, “छे, ती परीक्षा नको,” तर त्याला नमस्कार करा आणि एस.टी. धरा.

कागदपत्रांचाही विसर पडू देऊ नका. होडीवरचा क्रमांक आणि शिडावरचा क्रमांक ताडून पाहा. मालकीचा दाखला मागा आणि दोन साक्षीदारांसमोर खरेदीचा कागद करा. देशातल्या अंतर्गत पाण्यावरच्या नौकांसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा नवा कायदा आला आहे, आणि त्यात बिनयंत्राच्या नौकांचाही विचार केलेला आहे. तेव्हा आपल्या खाडीत किंवा धरणात होडी घालण्यासाठी कोणाची परवानगी लागते, ते आधी विचारून घ्या. धरणाच्या पाण्यासाठी पाटबंधाऱ्याच्या कचेरीत जावे, खाडीसाठी बंदराच्या कचेरीत.

राहता राहिली किंमत. तीन ढिगांची यादी आता कामाला येते. समजा मालकाने ४० हजार मागितले. शीड पुन्हा शिवायला ५ हजार, तारा आणि दोर यांना ७ हजार, मधल्या फळीचा सांधा बुजवायला ३ हजार, आणि तीन तरंगती जॅकेटे मिळून ६ हजार. म्हणजे होडी ४० हजारांची नाही, ६१ हजारांची आहे. हे आकडे मी केवळ उदाहरणासाठी घेतले. तुमचे आकडे तुम्ही सुताराकडून आणि दुकानातून घ्या. ती यादी मालकासमोर ठेवून शांतपणे बोला. भला मालक ऐकून घेतो. पण तिसऱ्या ढिगातला एकही दोष सापडला, तर किंमत निम्मी केली तरी घेऊ नका. शाळेसाठी घेत असाल तर मुळीच घेऊ नका. कुजलेल्या कण्याची होडी फुकट मिळाली, तरी ती महागच असते.

आणि एक शेवटचे. गुरुजींनो, ही तपासणी एकट्याने करू नका, चार मोठी मुले सोबत न्या. सुतळी त्यांच्या हातात द्या, साबणाचे पाणी त्यांना लावू द्या. ज्या मुलाने होडीची पेटी स्वतः दाबून पाहिली, तो उद्या पाण्यात जाण्यापूर्वी बूच लावले की नाही, हे न सांगता पाहील. आमच्या शाळेच्या त्या निळ्या डिंगीला पुढे नवी बुचे बसली, सांधे बुजले आणि ती बरीच वर्षे चालली. पण तिला पाण्यात ढकलण्यापूर्वी दोन्ही पेट्या अंगठ्याने दाबायच्या, हा नियम मुलांनीच घालून घेतला होता. मी मात्र तो आधी शिकलो असतो तर बरे झाले असते.

तुम्हांला चांगली होडी मिळो आणि वारा अनुकूल असो. नमस्कार.